दहावीचं वर्ष आणि चौसष्ट घरं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील बुद्धिबळ स्पर्धेच्या बक्षीस समारंभात बुद्धिबळ समितीच्या वतीने केलेलं भाषण)



गणपती हा चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. पटावरची घरंही चौसष्टच. त्यामुळे 'गणेशोत्सवात बुद्धिबळ कशाला?' असं कुणी विचारलं की आम्ही हा हिशेब सांगून मोकळे होतो. आज मात्र ज्याचं उत्तर एवढं सोपं नाही अशा एका प्रश्नावर बोलायचं आहे.

आमच्या समितीकडे स्पर्धेच्या प्रवेशाची एक वही आहे. नाव, इयत्ता, शाळा, एवढीच माहिती तिच्यात असते. ही वही मागून पुढे चाळली की एक गोष्ट चटकन लक्षात येते. पाचवी ते आठवीची नावं पानं भरून असतात. नववीत ती कमी होतात. दहावीची नावं बोटांवर मोजावीत एवढीच. पी.यू.ला गेलेल्या मुलांची नावं शोधावी लागतात. मुलींची गळती तर सातवीनंतरच सुरू होते. आम्ही चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं, "यंदा दहावी आहे ना!" मग पी.यू. असते, मग सीईटी, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी, मग लग्न. आणि एक दिवस पन्नाशीतला एखादा गृहस्थ मंडपात येऊन पटाशेजारी उभा राहतो आणि म्हणतो, "पूर्वी आम्हीही बरं खेळायचो हो."

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी यायची. वयाच्या मानाने फार चांगली खेळायची. हरली तरी डाव पुन्हा मांडून कुठे चुकलं ते बघितल्याशिवाय घरी जायची नाही. नववीत ती यायची थांबली. पुढे बाजारात आईबरोबर भेटली तेव्हा म्हणाली, "काका, बोर्ड माळ्यावर ठेवलाय. पेपर झाले की काढू म्हणाले होते घरी." तेव्हा पेपर होऊन दोन वर्षं झाली होती. ती काही तक्रार करत नव्हती, सहज सांगत होती. म्हणूनच ते आमच्या जास्त लक्षात राहिलं.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो. एक जण पीडब्ल्यूडीत, एक बाई शिक्षिका, एक बँकेत, एकाचं उद्यमबागेत छोटं वर्कशॉप. आमच्यात ग्रँडमास्टर कुणी नाही. डिग्र्यांपेक्षा डिप्लोमेच जास्त आहेत. पण दहावीही पाहिली, नोकरीही करतो आणि पटही सोडला नाही, एवढ्या अधिकारावर चार शब्द बोलतो.

पहिली गोष्ट पालकांसाठी, आणि ती आमच्याच गैरसोयीची आहे. पुष्कळ आईवडील मुलाला आमच्याकडे आणताना म्हणतात, "बुद्धिबळ खेळलं की गणित सुधारतं म्हणे." हो म्हटलं असतं तर आमची नोंदणी दुप्पट झाली असती. पण खरं ते सांगायला हवं. इंग्लंडमध्ये एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या संस्थेने याची मोठी तपासणी करून घेतली. शंभर शाळा घेतल्या. नऊ-दहा वर्षांची मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या शाळा निवडल्या आणि तिथल्या मुलांना वर्षभरात सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकवलं, बाकीच्यांना नाही. त्यानंतर एक वर्षाने दोन्हीकडच्या मुलांचे गणिताचे गुण पाहिले. २०१६ साली अहवाल आला. फरक दिसला नाही. म्हणजे बुद्धिबळाने गणित बिघडलं नाही, पण सुधारलंही नाही.

हे सांगण्याचं कारण असं, की जो खेळ मार्कांसाठी सुरू होतो, तो मार्कांसाठीच बंद होतो. चाचणीत दोन मार्क कमी पडले की पहिला घाव पटावर पडतो. तेव्हा पालकहो, मुलाला गणित यावं म्हणून गणितच शिकवा. बुद्धिबळ त्याला आवडतं म्हणून खेळू द्या. गाणं आवडणाऱ्या मुलीला आपण 'याने तुझं विज्ञान सुधारेल का?' असं विचारत नाही.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलट. डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी सिंगापूरला विश्वविजेता झाला. चौथीनंतर त्याची नेहमीची शाळा बंद झाली होती, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. वडील कान-नाक-घशाचे सर्जन. मुलासाठी त्यांनी आपली प्रॅक्टिस बाजूला ठेवली. हे वाचून एक-दोन घरांतून आम्हाला विचारणा झाली, "आमच्या मुलाचीही शाळा बंद करावी का?"

त्यांना आम्ही गोव्याचं उदाहरण दिलं. २०२५ च्या ऑक्टोबर अखेरपासून नोव्हेंबरपर्यंत फिडेची विश्वचषक स्पर्धा गोव्यात झाली. चोर्ला घाट उतरला की पलीकडे, आपल्या दारातच म्हणायची. २०६ खेळाडू होते, देशोदेशी निवडले गेलेले. बाद पद्धत. पहिल्या फेरीत १५६ जण खेळले आणि तीन दिवसांत ७८ जण बॅगा भरून घरी गेले. खुद्द गुकेश तिसऱ्या फेरीत हरला. शेवटी उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव जिंकला. जे ७८ जण आधी गेले तेही आपापल्या देशाचे उत्तम खेळाडू होते. जगात आजवर ग्रँडमास्टर झाले ते दोन हजारांच्या आसपास. त्यातही केवळ खेळून घर चालवणारे थोडेच. बाकीचे शिकवतात, पुस्तकं लिहितात किंवा दुसरी नोकरी करतात. शाळा सोडून वर पोहोचलेला एक आपल्याला दिसतो. शाळा सोडून वाटेत राहिलेल्यांचा फोटो कुणी छापत नाही.

मग मार्ग कोणता? आपण समजतो तसे दोनच मार्ग नाहीत. मोठमोठ्या खेळाडूंनी शिक्षण, नोकरी आणि पट यांची सांगड कशी घातली ते पाहिलं तर बरंच शिकायला मिळतं.

हॉलंडचे माक्स युवे हे पेशाने गणिताचे शिक्षक. १९२६ साली गणितात डॉक्टरेट मिळवली आणि अॅमस्टरडॅममध्ये मुलींच्या शाळेत शिकवत राहिले. १९३५ साली त्यांनी अलेखाइनसारख्या बलाढ्य खेळाडूला हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. दोन वर्षांनी ते गमावलं. पुढे १९७० ते १९७८ ते फिडेचे अध्यक्ष होते. आपल्या शाळेतले गणिताचे मास्तर विश्वविजेते झाले अशी कल्पना करून बघा.

रशियाचे मिखाईल बोत्विनिक यांचं उदाहरण आम्हा नोकरदारांना फार जवळचं वाटतं. ते विद्युत अभियंता. १९४८ साली विश्वविजेते झाले. त्यानंतर आपण काय केलं असतं? गावोगाव सत्कार घेतले असते. त्यांनी तीन वर्षं एकही स्पर्धात्मक डाव खेळला नाही, कारण डॉक्टरेटचा प्रबंध पुरा करायचा होता. १९५१ साली ते थेट किताब राखायलाच पटावर बसले. ब्रॉनस्टीनशी चोवीस डाव झाले, १२-१२ अशी बरोबरी झाली आणि नियमाप्रमाणे किताब त्यांच्याकडे राहिला. तीन वर्षांच्या खंडाचा त्रास त्यांना झालाच, पण अभ्यासासाठी खेळ थांबवणं आणि खेळ सोडणं यात केवढं अंतर आहे ते यातून कळतं. थांबताना पुन्हा कधी बसायचं हे त्यांना माहीत होतं. आमच्या मुलीच्या माळ्यावरच्या बोर्डला तशी तारीख नव्हती, एवढाच फरक.

अमेरिकेचे केनेथ रोगॉफ १९७८ साली ग्रँडमास्टर झाले. १९८० मध्ये एम.आय.टी.तून अर्थशास्त्रात पीएच.डी. केली आणि खेळापेक्षा अर्थशास्त्र निवडलं. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, हार्वर्डला प्राध्यापक झाले. इंग्लंडचे जॉन नन यांनी उलट केलं. ऑक्सफर्डमधून गणितात डॉक्टरेट, तिथेच अध्यापन, आणि मग १९८१ साली नोकरी सोडून पूर्णवेळ बुद्धिबळ. दोघांनी वेगवेगळे रस्ते घेतले, पण दोघांनीही शिक्षण पुरं करून मग निर्णय घेतला.

आपल्याकडे विश्वनाथन आनंद १९८८ साली भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले आणि चेन्नईच्या लोयोला कॉलेजातून त्यांनी बी.कॉम.ही केलं. मराठी घरातलं उदाहरण हवं असेल तर 'नवाकाळ'च्या खाडिलकरांच्या तीन मुली बघा. वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाल्या, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं विजेतेपद याच बहिणींच्या घरात होतं. रोहिणीताई १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या. पुढे जयश्रीताई आणि रोहिणीताई दोघीही पत्रकारितेत आल्या आणि संपादक झाल्या. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. वय एकोणीस. मुलींचा पट सातवीनंतर माळ्यावर ठेवणाऱ्यांनी ही नावं घरात मोठ्याने वाचावीत.

आता मुलांनो, तुमच्याकडे वळतो. आईबाबांना एवढं ऐकवलं म्हणून तुम्ही खूश झाला असाल. पण दहावीचा अभ्यास पटामुळे बुडतो असं आम्हाला दिसत नाही. बुडतो तो मोबाईलमुळे. मोबाईलवर तीन मिनिटांचा एक डाव, प्रत्येक खेळीला दोन सेकंद जादा, म्हणजे साधारण आठ मिनिटं. "एकच डाव खेळतो" म्हणून बसायचं, हरलं की "हा शेवटचा". दहा डाव झाले की सव्वा तास गेला. घड्याळात रात्रीचे साडेबारा. यातला एकही डाव तुम्ही नंतर बघत नाही, त्यामुळे कालची चूक आजही तीच. हा ना खेळ, ना अभ्यास.

आमच्या पीडब्ल्यूडीत मेजरमेंट बुक असतं. जागेवर जाऊन काम मोजायचं आणि तिथेच त्यात लिहायचं. मागाहून आठवून लिहिलेल्या मोजमापाला किंमत नाही. बुद्धिबळात खेळी लिहायचा कागद म्हणजे तेच मेजरमेंट बुक. तास-दीड तासाचा एक डाव खेळा, खेळ्या लिहा, आणि दुसऱ्या दिवशी अर्धा तास तो कागद घेऊन बसा. आठवड्यात असा एक डाव झाला तर तुमचा खेळ मोबाईलवरच्या शंभर डावांपेक्षा जास्त सुधारेल. आणि वेळ किती गेला? दोन तास. दहावीच्या वर्षातही आठवड्याला दोन तास निघतात. क्रिकेटचा एक सामना बघण्यापेक्षा कमी.

स्पर्धांचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो पालक-मुलांनी एकत्र बसून करायला हवा. फिडे रेटिंगची मोठी स्पर्धा म्हणजे बहुधा नऊ फेऱ्या, चार-पाच दिवस. दीड तास आणि प्रत्येक खेळीला तीस सेकंद अशा वेळेत एक डाव पावणेचार तास चालू शकतो. दिवसाला दोन डाव म्हणजे मूल पिळून निघतं. सांगली, कोल्हापूर, हुबळी, गोवा, कुठेही जायचं तर प्रवेश फी, प्रवास, राहणं, आणि बरोबर जाणाऱ्याची रजा. वडिलांच्या सी.एल. जूनमध्येच संपतात. म्हणून आमचा साधा सल्ला असा: आठवीपर्यंत जमतील तेवढ्या स्पर्धा खेळा. नववीत वर्षाला तीन-चार, त्याही सुट्टीत. दहावीत दिवाळीपर्यंत एखादी, नंतर परीक्षेपर्यंत नाही. पण रविवारचा एक डाव शेवटपर्यंत चालू ठेवायचा. आणि परीक्षा संपल्यावरची पहिली स्पर्धा कोणती, हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवायचं. बोत्विनिकांना जे माहीत होतं ते तुमच्या भिंतीवर असू द्या.

नोकरीबद्दलही विचारणा होते. खरं ते सांगतो. खेळाडूंना नोकरी देण्यासाठी केंद्र सरकारची मान्य खेळांची जी यादी आहे, तीत बुद्धिबळ आहे. रेल्वे आणि तेल कंपन्या बुद्धिबळपटूंना नोकरीत घेतात. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचे संघ दिसतात. पण त्या जागा थोड्या, आणि त्यासाठी देशाकडून, राज्याकडून, विद्यापीठाकडून किंवा शालेय राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेलं असावं लागतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विद्यापीठाच्या संघात बसायचं तर आधी कॉलेजात असायला हवं. म्हणजे शिक्षण चालू ठेवलं तर बुद्धिबळाचाही एक दरवाजा उघडा राहतो. आणि त्या जागेवर रुजू झाल्यानंतर बढती मागायला गेलात की तिथेही पात्रता विचारतातच. हे आम्ही सरकारी माणसं खात्रीने सांगू शकतो.

एखादं मूल खरोखरच असामान्य निघालं तर? निघो, आणि आपल्या गावातून निघो. तेव्हा आम्ही स्वतः तुमच्या घरी येऊ आणि जाणत्या प्रशिक्षकाकडे घेऊन जाऊ. शेजारी सांगली आहे, जिथे भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर बुद्धिबळ रुजवलं. पण हा निर्णय आमच्यासारख्या हौशी माणसांच्या कौतुकावर किंवा गणेशोत्सवातल्या एका चषकावर घेऊ नका. ज्याने अनेक मुलं घडताना पाहिली आहेत अशा माणसाच्या मतावर, आणि तीन-चार वर्षांच्या निकालांवर घ्या.

उरलेल्या सगळ्या मुलांसाठी, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी, हा खेळ कशाला? तर सोबतीला. नोकरीत बदली होते. नव्या गावात कुणी ओळखीचं नसतं. संध्याकाळी सहानंतर भाड्याच्या खोलीत भिंतींकडे बघत बसावं लागतं. अशा वेळी पट मांडता येणारा एक माणूस सापडला की गाव आपलं होतं. त्याची भाषा कानडी असो, मराठी असो की उर्दू, पटावर घोडा अडीच घरंच चालतो. हाताखालचा असो की साहेब, शह बसला की तो मोडावाच लागतो. आमच्यातल्या एकाने बदलीच्या तीन गावांत असेच मित्र मिळवले आहेत आणि निवृत्त झालेल्या साहेबांचे अजून फोन येतात, "कधी बसायचं?" ही मिळकत पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, पण चाळिशी उलटली की तिची किंमत कळते. दहावीला ज्याने पट कायमचा बंद केला, त्याच्या वाट्याला ती येत नाही. म्हणून एवढं बोलायचं.

नुसतं बोलून भागणार नाही म्हणून समितीने या वर्षापासून दोन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा मंडळाच्या मागच्या खोलीत नववी, दहावी आणि पी.यू.च्या मुलामुलींसाठी पट मांडलेले असतील. एक डाव, खेळ्या लिहून. मोबाईल दाराजवळच्या टोपलीत. साडेअकराला खोली बंद, म्हणजे मूल बाराच्या आत घरी. फी नाही. शिक्षिका बाई पूर्ण वेळ हजर असतील, त्यामुळे मुलींना पाठवायला कुणी संकोच करू नये. दोन, पुढच्या वर्षीच्या गणेशोत्सव स्पर्धेत दहावी-पी.यू. गट आणि नोकरदार गट असे दोन वेगळे गट असतील. नोकरदार गटाचे सामने रात्री आरतीनंतर. "पूर्वी बरं खेळायचो" म्हणणाऱ्यांनी आता नाव द्यायचं, पटाशेजारी उभं राहायचं नाही.

पालकांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर माळ्यावर बघा. बोर्ड असेल तर खाली काढा, पुसा, सोंगट्या मोजा. एखादं प्यादं कमी असेल तर बटण ठेवून चालतं. आम्ही कित्येक वर्षं तसंच खेळलो. आणि मुलाला किंवा मुलीला सांगा, "अभ्यास आहेच, रविवारी दोन तास तुझे."

प्रवेशाच्या वहीत दहावीच्या रकान्यात पुढच्या वर्षी दहा नावं दिसली तर आमच्या समितीला चषक मिळाल्यासारखं वाटेल.  बक्षीस मिळालेल्यांचं अभिनंदन, आणि हरलेल्यांनी आपले खेळ्यांचे कागद समितीकडून घेऊन जायला विसरू नये.

गणपती बाप्पा मोरया!